रुफिनो चोकेची बाटली

३ मार्च १९११
पोचलो एकदाचा. अकरा दिवस आगबोट, एक दिवस आगगाडी, आणि आता वाळवंटातल्या सोऱ्याच्या खाणीवर पत्र्याची एक खोली. माझी स्वतःची! बायकोला, एर्मेलिंदाला, सातवा लागलाय. महिनाअखेरीस ती येईल, बाळंतपण इथेच होईल. खानावळीत सोइलाबाईंनी घेवड्याचं कालवण वाढलं आणि वर माझी फिरकी घेतली, "काय रे बेटवाल्या, तुमच्याकडे म्हणे बारा महिने पाऊस? थोडा खिशात घालून आणायचास की." सगळे हसले, मीही हसलो.

९ मार्च
सुरुंगाने उडवलेले दगड दिवसभर घणाने फोडतो. हात सोलवटलेत, पण मुकादम खूश आहे. परतताना माझं पाणी संपलं होतं. वाटेत दगडांचा लहानसा ढीग, त्यावर कागदी फुलं लावलेला क्रूस, आणि शेजारी काठोकाठ भरलेली बाटली. प्यायलो. आमच्या बेटावर पाण्याला कोण विचारतं?

१० मार्च
जेवताना सहज बोलून गेलो, तर सगळ्यांचे हात थांबले. तिथे रुफिनो चोके नावाचा खाणकामगार तहानेने मेला होता, नळ हाकेच्या अंतरावर असताना. येणारेजाणारे त्याच्यासाठी ती बाटली भरून ठेवतात. सोइलाबाई म्हणाल्या, "अरे गाढवा, मागितलं असतंस तर आमच्या तोंडचं दिलं असतं. त्याचं कशाला प्यायलास?"
लगेच जाऊन बाटली भरून आलो. विषय संपला.

१४ मार्च
ती बाटली आता भरलेलीच राहते. रुफिनोने तिला हात लावलेला नाही. रिकामं होतंय ते माझ्या खोलीतलं मडकं. झाकण जिथल्या तिथे, आत थेंब नाही. सोइलाबाई सांगतात, तो तुझ्यामागून घरी आलाय, त्याला तू प्यायलेला घोटच हवा आहे. तो कुठून परत देऊ?

२२ मार्च
भर दुपारी खोलीत कुणीतरी ओठ चाटतं. माझ्या अगदी शेजारी. मला घाम येत नाही. रडलो तर डोळे कोरडे.
एर्मेलिंदाला तार केली — येऊ नकोस. तिच्या आईचं उत्तर आलं, ती चार दिवसांपूर्वीच निघाली.

३० मार्च
आली. हसत उतरली. तिला त्याच गाडीने परत पाठवणार होतो, पण परतीची गाडी शनिवारी. दोन दिवस काढायचे. फक्त दोन.

३१ मार्च
तिला पेला भरून दिला. ओठांना लागायच्या आत रिकामा. तीनदा.
चाटण्याचा आवाज आता माझ्या बाजूला नाही. तिच्या बाजूला — खाली — पोटाशी —
चूक माझी. माझी एकट्याची.

१ एप्रिल
गाडी गेली. तिला उभंच राहवेना.
बाळ सकाळपासून हललेलं नाही. सोइलाबाईंनी पोट चाचपलं. माझ्याकडे बघेनात. म्हणाल्या, आतलं पाणी — पोरा, आतलं पाणीसुद्धा —
एर्मेलिंदा मला विचारतेय, पोटात हे कोण ओठ चाटतंय. मी तिला काय —