पेन्सिलीच्या रेघा

अहो,

पिठलं कढईत आहे, भाकरी टोपल्यात. दूध तेवढं रात्री तापवा.

तुमचं ते पुस्तक मी वाचून संपवलं. लेखकानं स्वतःचंच आयुष्य लिहिलंय म्हणे. दारू पितो, मेलेल्या आईला शिव्या घालतो, बायकोला मारतो. ओकला की ती पुसते, आणि अख्ख्या पुस्तकात तिला साधं नाव नाही. नेमक्या तिथंच तुम्ही पेन्सिलीनं रेघा ओढून लिहिलंय, 'केवढा प्रामाणिक माणूस!'

आणि माझे वडील, दादा? धोंड्याच्या महिन्यात आईनं हौसेनं तुम्हाला जेवायला बोलावलं. दादा पिऊन आले, तोंडातून एक शिवी गेली, तर तुम्ही अनारशाचं ताट सरकवून उठलात. जावई उपाशी गेला, हे आई मरेपर्यंत बोलत होती. तेव्हापासून दादांना आपल्या घराचा उंबरा बंद आहे.

दादांची बाजू मी घेत नाही. त्यांनी आईला मारलेलं मी बघितलंय. पण मग दोघांना एकच माप लावा की!

दादांच्या पोटात पाणी झालंय. मी काष्टीला जाऊन त्यांना घेऊन येते. नगरच्या दवाखान्यात उपचार होईपर्यंत ते इथंच राहतील. बाहेरच्या खोलीतली कॉट मोकळी करा.

झोपेतही ते शिव्या देतात. जवळ बसून नीट ऐका. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.

ज्ञानेश्वरी