चौऱ्याहत्तर मीटरवरचा वारा

तीर्थरूप मामास,

शिरसाष्टांग नमस्कार. नमस्कार आडवा पडूनच करतोय, कारण डावा गाल सुजलाय आणि मान ताठ धरली की ठणकतो. तुमची कंबर कशी आहे? क्रेन तपासायला अजून स्वतः शिड्या चढता की आता खालूनच दुर्बिणीने बघता? मामीचा खोकला थांबला का? आईची तब्येत उत्तम आहे (माझ्यावर ओरडताना तिला जराही धाप लागत नाही). दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. पण पत्र वाचायला बोलावं लागत नाही, म्हणून लिहितोय.

तुम्ही वाढदिवसाला दिलेलं ते घरगुती हवामान केंद्र वर्षभर खोक्यात पडून होतं. ते बाहेर काढलं, त्याला कारण आहे. समोरच्या प्लॉटवर इमारत चढतेय, आणि तिथल्या टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये जी ऑपरेटर बसते (नाव लिहीत नाही, तुम्ही लगेच आईला फोन कराल) ती रोज सकाळी पाठीला पिशवी लावून शिडी चढते आणि एकदाही खाली बघत नाही. मी तीन आठवडे गच्चीवर उभा राहून वर बघत होतो. मग कळलं की क्रेनचं स्वतःचं वारा मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, आणि मुकादम मोबाइलवर हवामानाच्या एका वेबसाइटवर सगळ्यात जवळच्या केंद्राचा वारा बघून तिला वायरलेसवर सांगतो. आणि सगळ्यात जवळचं केंद्र कुठलं, तर विमानतळाचं! माझं डोकंच फिरलं. तिच्या केसांतला वारा विमानतळाने मोजायचा आणि मी इथे माशा मारत बसायचं?

काठी उभी केली, तिच्या टोकाच्या वारा मोजायच्या वाट्या फिरायला लागल्या, पण वेबसाइट काही मला आपलं म्हणेना. त्यांनी दिलेली चावी (म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ) मी चौदा वेळा भरली. शून्य की ओ, हे त्यांच्या माणसाला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "सर, जसं दिसतंय तसं भरा." मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. पंधराव्या वेळी जोडलं गेलं. जागेवर खूण केली, काठीची जमिनीपासून उंची अकरा मीटर भरली, आणि दर पाच मिनिटांनी आपला वारा जगाला (आणि मुकादमाला) दिसायला लागला. पहिले दोन दिवस तो शून्यच होता, कारण आईने काठीला दोरी बांधून चादरी वाळत घातल्या होत्या.

आता पाप सांगतो. वारा ताशी पन्नास किलोमीटरच्या वर गेला की मुकादम काम थांबवतो, ती खाली उतरते आणि आमच्या फाटकाला लागून असलेल्या कँटीनमध्ये चहा पिते. हे कळल्यावर मी टेबलफॅन गच्चीवर नेला आणि वाट्यांपुढे लावला. बरोब्बर अकरा चाळीसला. तीन दिवस लावला (तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या गच्चीवर फारच वारा हो." मला रात्रभर झोप नाही). चौथ्या दिवशी लाज वाटली. दहा मजुरांचा खोळंबा होत होता. पंखा खाली आणला आणि आईच्या खोलीत ठेवून दिला.

चौथ्या दिवशी अकरा चाळीसला वेबसाइटवर वारा साठ.

मी धावत वर गेलो. वाट्या स्तब्ध. काठीवर एक कावळा बसला होता, त्याचं पीसही हलत नव्हतं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच, आकडा चौसष्ट. मी चिडून केंद्राच्या बॅटऱ्या काढल्या आणि खिशात टाकल्या. घरात ठेवलेलं आतलं यंत्र बंद, पडदा काळा. वेबसाइटच्या पानावर मात्र दर पाच मिनिटांनी नवा आकडा. वेबसाइटवाल्यांना कडक मेल लिहिली. उत्तर आलं, "आपलं केंद्र व्यवस्थित चालू आहे. उंची बदलल्याची नोंद मिळाली, धन्यवाद." मी उंची बदलली नव्हती, मामा. उघडून बघितलं तर अकराच्या जागी चौऱ्याहत्तर. मुकादमाला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमची केबिन किती उंचीवर? तो म्हणाला, "चौऱ्याहत्तर. का रे वादळा?" (साइटवर मला वादळ म्हणतात. भांडणांमुळे.)

गुरुवारी साडेअकराला आकडा बहात्तर झाला, मग अठ्ठ्याहत्तर. खाली धूळसुद्धा हलत नव्हती. मी चपला न घालता साइटवर पळालो आणि मुकादमाला म्हणालो, तिला उतरवा. त्याने मोबाइल बघितला, माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. म्हणाला, "पान हलत नाही लेका. तुझं यंत्र खुळं आहे." आता त्याला पटवायचं कसं? मी ओरडलो, "खुळं नाही! पहिले तीन वारे मी पंख्याने काढले होते, हा पंख्याचा नाही!" मला वाटलं, याहून भक्कम पुरावा काय असणार.

मुकादमाने तो पुरावा जसाच्या तसा वायरलेसवर तिला ऐकवला. वरून खरखर. मग तिचा आवाज, "त्याला तिथंच धरून ठेवा. मी आले."

तिने रिकामा हूक तसाच सोडला, परवानगी विचारली नाही आणि सगळी शिडी उतरून आली. मला वाटलं इतक्या पायऱ्यांत राग निवेल. नाही निवला. "तुला खेळणं वाटते का रे मी?" एवढंच म्हणाली आणि गाल सुजला. तिचा हात अजून वरच होता, तेवढ्यात वर केबिनचं दार धाडकन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हूक सबंध फिरला आणि केबिनची पुढची काच फोडून आत गेला, जिथे तिची खुर्ची आहे. काचा आमच्यापासून वीस पावलांवर पडल्या. मुकादमाच्या हातातली विडी तशीच जळत होती, धूर सरळ वर चालला होता. तिने माझ्या दंडाला धरलं होतं, ते तिच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं.

आता कंपनी म्हणते, त्या दिवशी वारा नव्हताच. ऑपरेटरने विनापरवानगी केबिन सोडली, हूक नीट अडकवला नाही, म्हणून नुकसान झालं. तिला कामावरून थांबवलंय. परवाना जाणार. सोमवारी चौकशीला सरकारी तपासनीस येणार आहेत, आणि ते तपासनीस तुम्ही आहात, हे मला काल कळलं.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना जे योग्य ते.

तुमचा,
भाचा

ता. क. : विनंती अशी, की वेबसाइटवर गुरुवारी अकरा पंचेचाळीसला त्र्याण्णवचा झोत नोंदलेला आहे. छापील कागद सोबत जोडलाय. तेवढा पुरावा धरा. केंद्र तुम्हीच दिलेलं आहे, म्हणजे दर्जाबद्दल शंका नको. बाकी मला काही विचारू नका.

ता. क. २ : तिने हे पत्र वाचलं. (कँटीनमध्ये, माझ्यासमोर बसून! पण चहाचा एक घोट घेतला नाही.) म्हणते, "लपवून वाचवलेला परवाना मला नको, बॅटऱ्यांचंही लिही." लिहिलं. गुरुवारी बॅटऱ्या माझ्या खिशात होत्या. आत्ताही आहेत. त्र्याण्णव कोणी मोजला ते मला माहीत नाही. आता तुम्हीच ठरवा.

ता. क. ३ : वेबसाइटवर 'आतलं तापमान' असाही रकाना असतो, तो आज आम्ही दोघांनी मिळून बघितला. क्रेन गुरुवारपासून सीलबंद आहे, केबिनला कुलूप आहे, किल्ली तुमच्या कचेरीत. तरी रोज सकाळी आठला आतलं तापमान दोन अंशांनी चढतं, दुपारी एकला उतरतं, दोनला पुन्हा चढतं. ती म्हणाली, "ही माझ्या ड्यूटीची वेळ आहे." सोमवारी तुमच्याबरोबर वर चढून सगळं दाखवणार, असा तिने हट्ट धरलाय. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. मामा, एवढंच करा. शिडीवर पहिले तुम्ही चढा.