यमुनाबाईंची अट

२ फेब्रुवारी १९८६, रविवार. प्रातः ५
यमुनाबाई राजापुरास बंधूंकडे गेल्यास आज अकरा दिवस. चाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच. जाताना एवढेच म्हणाल्या, "रविवारच्या त्या सभेत उभं राहून 'मी पितो' म्हणा. केरूनं पत्रानं कळवलं, की दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं येते." केरू हा डेपोतला मेकॅनिक. स्वतः चार वर्षे न पिता इतरांची दारू सोडवतो; ती सभा त्याचीच.
वस्तुतः मी पीत नाही. सायंसंध्येनंतर काजूच्या बोंडांच्या अर्काचे दोन घोट घेतो, वातशमनार्थ. कधी तीन. सौत्रामणी यागात सुरेचे विधान आहे, हे त्यांना आजवर पटवता आले नाही.
तथापि सभेस जाणार. त्या दुर्दैवी जीवांना दोन शब्दांचा आधार होईल.

सायं. ७
सभा शाळेत, चौथीच्या वर्गात. बाके लहान, गुडघे हनुवटीस लागले. सात जण. प्रत्येकाने उठून नाव सांगायचे आणि आपण दारुडे आहोत असे म्हणायचे. मी इंद्रियनिग्रहावर चाळीस मिनिटे निरूपण केले. गंगाराम खलाशी घोरू लागला. केरू म्हणाला, "बोवा, बोललात ग्वाड. पण हितं लोकांचा नाय सांगायचा, आपला सांगायचा." मी केवळ पाहण्यास आलो आहे, असे स्पष्ट केले. म्हणाला, "व्हय. चार वर्सांमागं मीपण बघायलाच आलेलो."
निरूपणाने घसा बसला. अर्क, तीन घोट. घशासाठी.

९ फेब्रुवारी, रविवार
उभा राहिलो. "मी" म्हणालो. पुढचा शब्द येईना. मग 'मी' म्हणजे देह की आत्मा, हे विशद केले. आत्मा काही पीत नाही. केरू म्हणाला, "मग आत्म्याला बसवा आणि पिणाऱ्याला उभा करा."
गंगाराम हसला. नंतर तोच रडला. लेकीच्या लग्नात मांडवात पडलो, व्याह्यांनी उचलून नेला, म्हणाला. सर्वांदेखत असे सांगावे! मला त्याची लाज वाटली. थोडा वेळ माझीही वाटली. कारण लक्षात आले नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार. माघी चतुर्थी
आजपासून अर्क वर्ज्य.
सायं. ६ : वर्ज्य.
सायं. ७ : उपासास फलाहार चालतो. बोंड हे फळच.

१६ फेब्रुवारी, रविवार
अनर्थ. मी सभेत असता शेजारच्या जानूच्या मातोश्री गोदूबाई, वय नव्वद, यांचा श्वास लागला. आमची किल्ली जानूकडे असते. मरणाऱ्याच्या मुखात गंगा पडावी म्हणून त्याने आमच्या देवघरातला गंगेचा गडू नेला. पारोसा देवघरात शिरला, याचाच मला प्रथम राग आला.
येथे एक गोष्ट नोंदवणे प्राप्त आहे. अर्क त्या गडूत असतो. तेथे कोणी हात घालीत नाही, एवढ्याच सोयीने. मूळची गंगा मी तुळशीस घातली. वाया दवडली नाही.
जानूने दोन चमचे पाजले. गोदूबाईंनी डोळे उघडले. आणखी मागितली. तिसऱ्या चमच्यास उठून बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "रडतंस काय, चाय टाक."
जानूने गडू परत देताना माझे पाय धरले. "बोवा, गंगा चांगलीच मुरलीय तुमची."
मी "कल्याणमस्तु" म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आळीत चमत्काराची वार्ता. सकाळपासून तिघे वाटी घेऊन आले. गंगा आसन्नमरणांसाठी राखीव आहे, असे सांगितले. गोदूबाई कुंपणाच्या गडग्यापलीकडून हाका मारतात : "बोवा, आजची गंगा धाडलीत नाय?"
निरूपणात मी सत्यावर नेहमी बोलतो. रविवारी सभेत सांगणार. निश्चित.

२० फेब्रुवारी, गुरुवार
यमुनाबाई आल्या! वार्ता राजापुरास पोचली होती. अट न पाळताच फळ मिळाले, असे मनात आले.
त्या पायही न धुता देवघरात गेल्या. गडूचे झाकण काढले. वास घेतला.
काशीहून त्यांनी दोन गडू आणले होते. एक त्यांच्या आईच्या मुखात गेला. हा त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. हे मला ठाऊक होते. तुळशीस घालतानाही ठाऊक होते.
आवाज न चढवता म्हणाल्या, "माझ्या वेळी हेच घालणार होतात?"
दुपारच्या एसटीने परत गेल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार
आज बोललो. उभा राहिलो आणि सर्वांदेखत म्हणालो, "मी पितो. बायकोची गंगा ओतून तिच्या गडूत दारू ठेवली." गंगारामाने डोळे पुसले. मी केरूला म्हणालो, राजापुरास आजच कार्ड टाक.
त्याने कार्ड काढले, माझ्याजवळ आला आणि परत खिशात घातले. "बोवा, तुमच्याआधी वासानंच सांगितलान. पुढल्या रविवारी कोरड्या तोंडानं सांगा. मग धाडतंय."
धीर यावा म्हणून निघताना घेतले होते. चारच घोट. पाच.
त्याने हात धरून घरी आणले. कुलूप त्यानेच उघडले. मला किल्लीचे भोक सापडत नव्हते.