बुटाची खोळ

कर्जत, ११ फेब्रुवारी १९७४

प्रिय धाकलू,

शनिवारी इथून परतल्यापासून तुझी भागी गप्प असेल, आणि तूही विचारलं नसशील. मग मीच सांगते. या दवाखान्याचा, आणि त्यात नर्स म्हणून मिरवणाऱ्या माझाही, मला वीट आला आहे.

पोलिओच्या शिबिराला मुंबईहून मोठे डॉक्टर आले होते. तुमच्या जनीच्या पायाला लोखंडी सळ्यांचा बूट गेल्या वर्षी त्यांनीच दिला. परवा त्यांनी पोरीच्या तोंडाकडेही पाहिलं नाही. बूट उलटा केला, तळ नवा कोरा दिसला, तर टेबलावर आपटून म्हणाले की या लोकांना फुकट दिलेलं वापरायचीही अक्कल नाही. भागीला एक शब्द विचारला नाही. कागदावर शेरा पडला: आई निष्काळजी, मुलीला अपंगांच्या संस्थेत ठेवावे. मग हात धुऊन साहेब जेवायला बसले आणि रश्श्याचं कौतुक करू लागले. शिसारी आली मला.

बाहेर ओट्यावर भागीने पिशवीतून जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ काढली आणि जनीच्या बुटावर चढवली. मी विचारलं तर म्हणाली, "वन्सं, सारवलेल्या भुईवर चामडं कसं फिरवायचं? चुलीपाशी देव हाय. आमी रोज खोळ घालूनच चालवतो तिला."

साहेब रागावतील म्हणून तिने ती दवाखान्याच्या दारातच काढली होती. पिशवीत आणखी चार खोळी होत्या, सगळ्या टाचेपाशी फाटलेल्या. पोर दिवसभर चालते, म्हणून तर फाटल्या. त्याच घरात वाढलेल्या मला हे सुचू नये? आणि कळल्यावरही साहेबांचं जेवण मोडेल म्हणून मी आत गेले नाही. आज आमच्या डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, कागद पुढे गेला.

पोस्टाचा भरवसा नाही म्हणून ही चिठ्ठी खोपोलीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. गुरुवारी संस्थेची जीप जनीला न्यायला येईल. तुला तो शेरा दाखवून सही मागतील. त्यावरचं अक्षर तू ओळखशील. साहेब सांगत गेले आणि मी लिहीत गेले. ताईने लिहिलं म्हणजे पोरीच्या भल्याचंच असेल, असं समजून तू सही करशील, याची मला भीती वाटते. करू नकोस. मी खोटं लिहिलं आहे.

तुझीच,
इंदूताई