माझी नजर, मॅडमचं मशीन

३ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. लॅबमध्ये मशीन आलं आहे आणि घडतंय ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. आत थुंकीचा नमुना ठेवायचा, दोन तासांत क्षयाचे जंतू आहेत की नाहीत ते सांगतं म्हणे. दिसायला बिस्किटांच्या डब्यासारखं. नवीन मॅडम (वय तीस, पदवी मोठी, आवाज लहान) त्याच्याकडे पहिलं मूल झाल्यासारख्या बघतात.
मी बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलोय. निळ्यावर गुलाबी काडी दिसली की क्षय. काम सोपं आहे, फक्त नजर लागते. डब्याला नजर कुठून असणार?
संकल्प: मशीनशी सौजन्याने वागणे. नंतर त्याला हरवणे.

५ सप्टेंबर
कंबर धरली आहे. स्लाइड रंगवल्यावर धुवायला डिस्टिल्ड वॉटर लागतं. त्याचा वीस लिटरचा कॅन तळमजल्यावरून दोन मजले वर आणायचा. लिफ्ट फक्त पेशंटसाठी. मी पेशंट झालो की मग चढेन बहुतेक.
दुपारी डोकं चालवलं. गच्चीवरच्या टाकीच्या नळाला लाल रबरी पाइप जोडला, तो खिडकीतून थेट माझ्या सिंकवर. पाणी अगदी नितळ. रजिस्टरमध्ये ‘डिस्टिल्ड’ असंच लिहितोय. मॅडमना आधीच कामं कमी आहेत का, त्यात हे कशाला.

११ सप्टेंबर
नवीन चष्मा. बायको म्हणाली, त्यात मी विद्वान दिसतो. मग म्हणाली, लांबून.

२० सप्टेंबर
चष्म्याचा गुण आला. या आठवड्यात नऊ पॉझिटिव्ह. एरवी दोन, फार तर तीन. काड्या थोड्याच, शंभर जागा बघाव्यात तेव्हा चार-पाच सापडतात. दुसऱ्या कुणाच्या नजरेतून निसटल्याच असत्या.
मॅडमनी ते नऊही नमुने डब्यात घातले. डबा म्हणतो, दोनच. मॅडमनी अगदी शांतपणे विचारलं, गेल्या काही दिवसांत तुमच्याकडे काही बदललंय का? मी प्रामाणिकपणे सांगितलं, चष्मा.

२५ सप्टेंबर
मोठी केस. आमच्या धाकटीला शाळेत नेणारे व्हॅनकाका पंधरा दिवस खोकतायत, म्हणून डॉक्टरांनी त्यांना तपासणीला पाठवलं. बारा मुलं बसतात त्यांच्या व्हॅनमध्ये. मी कंबर कसून बसलो (दुखतेय तीच). सत्तर जागा कोऱ्या. एकाहत्तराव्या जागी सापडली. एकूण चार काड्या.
मशीन म्हणालं, काही नाही. डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं, कुणाचं ऐकू? मी म्हणालो, मशीन अजून घरात नवीन आहे, बुजतंय. डॉक्टर हसले आणि गोळ्या सुरू केल्या. मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझं वाक्य आवडलं असावं.
धाकटीला खोकला नाही. तरी तिच्या छातीला दोनदा कान लावून ऐकलं. ती म्हणाली, बाबा, गुदगुल्या होतात.

२७ सप्टेंबर
व्हॅन बंद. धाकटीला स्कूटरवरून मीच सोडतोय. ती म्हणते सायकली पुढे जातात. सुरक्षितता तिला कळत नाही.
बायकोने विचारलं म्हणून कारण सांगितलं, पण पूर्ण गुप्ततेच्या अटीवर. खालच्या निवृत्त पोस्टमास्तरांनाही त्याच अटीवर. औषधाच्या दुकानदाराला तर मुळीच सांगणार नव्हतो, पण त्यानेच विषय काढला.
संध्याकाळपर्यंत बाकीच्या अकराही मुलांच्या पालकांनी दुसरी व्हॅन ठरवली. बातमी फुटली कुठून, कोण जाणे. लोकांच्या पोटात काही राहत नाही.

४ ऑक्टोबर
व्हॅनकाका लॅबच्या खिडकीशी आले. लघवी नारिंगी होतेय म्हणून घाबरले होते. मी म्हणालो, गोळीचाच रंग आहे, घाबरू नका. हे मात्र शंभर टक्के खरं आहे, पुस्तकात आहे.
मग त्यांनी विचारलं, व्हॅन परत कधी सुरू करता येईल? सतरा वर्षं चालवतोय, एक दिवस खाडा नाही. मी म्हणालो, ते डॉक्टर ठरवतील. त्यांनी विचारलं, तुमची खात्री आहे ना? मी म्हणालो, बावीस वर्षं. त्यांनी मान हलवली आणि गेले. जाताना पायरीवर जरा वेळ बसले होते.
मला दिवसभर छातीत काहीतरी होत होतं. ॲसिडिटी. चहा कमी करणे.

८ ऑक्टोबर, सकाळी ११
मॅडमनी पाच स्लाइड दिल्या. नाव नाही, नुसते आकडे. म्हणाल्या, रोजच्यासारख्याच रंगवा, धुवा आणि रिपोर्ट लिहा. लगेच ओळखलं. परीक्षा आहे. मशीन नापास झालंय आणि आता जुन्या माणसाकडे यायची वेळ आलीय, पण तोंडाने कसं म्हणणार?
जीव ओतून केलं. एरवी धुतो त्याच्या दुप्पट पाण्याने धुतलं.

८ ऑक्टोबर, सायंकाळी ५
निकाल: पाचपैकी तीन पॉझिटिव्ह. चार नंबरच्या पेशंटमध्ये सगळ्यात जास्त काड्या, तब्बल आठ. त्याच्यापुढे स्वतःहून लिहिलं: उपचार ताबडतोब सुरू करावेत. घरातील सर्वांची तपासणी करावी.
उद्यासाठी शर्ट इस्त्री करून ठेवला. कुणी दोन शब्द बोला म्हणालं तर काय बोलायचं त्याचीही तयारी आहे. मशीनचा उल्लेख मोठ्या मनाने करीन.

९ ऑक्टोबर
अंडं होतं.
स्लाइडवर थुंकी नव्हतीच. मॅडमनी घरून उकडलेलं अंडं आणून त्याचा पांढरा भाग किसून, पाण्यात कालवून काचेवर पसरला होता. पाचही स्लाइडवर एकच अंडं. मी त्यातल्या तिघांना क्षय ठरवला आणि अंड्याच्या घरच्यांची तपासणी सांगितली.
त्याच अंड्याच्या आणखी पाच स्लाइड मॅडमनी खऱ्या डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या होत्या. त्यांत एक काडी नाही. मी नव्या चष्म्याने बघितलं, जुन्याने बघितलं, चष्मा काढून बघितलं.

९ ऑक्टोबर, दुपारी
पाइप कापला. आत बुळबुळीत थर, बोट घातलं तर बोटाला आला. टाकीच्या पाण्यात आणि असल्या थरात क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद राहतात. बहुतेक कुणाला काही करत नाहीत, पण रंग तसाच गुलाबी धरतात. मशीन जंतूचं कूळ ओळखतं. डोळ्याला फक्त रंग दिसतो. हे मॅडमनी सांगितलं. मला माहीत होतं. म्हणजे बावीस वर्षांपूर्वी एका तासाला शिकवलं होतं आणि मी तेव्हा हजर होतो.
मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाच सप्टेंबरपासूनचे माझे सगळे रिपोर्ट बाहेर काढले. त्या नऊपैकी दोघांनाच खरा आजार, बाकी माझ्या पाइपचा. व्हॅनकाकांचा नमुना पुन्हा दोनदा घेतला होता म्हणे, एक्स-रेही काढला होता. सगळं स्वच्छ. धूळ आणि सर्दी.
डॉक्टर गोळ्या बंद करतीलच. पण कारण मी स्वतः घरी जाऊन सांगणार, असं मॅडमना म्हणालो. त्या म्हणाल्या, सांगा. आजच.

१० ऑक्टोबर
आज पाऊस येईलसा वाटला. गेलो नाही.

११ ऑक्टोबर
पाऊस आला नाही. तरी गेलो नाही. अशी गोष्ट घाईत सांगण्यात अर्थ नाही. काय सांगायचं ते कागदावर उतरवलं. पहिल्या मसुद्यात दोष टाकीचा निघाला. दुसऱ्यात पाइपच्या कंपनीचा.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी
गेलो. तिसरा मजला. व्हॅनकाकांनी स्वतः दार उघडलं, तोंड भरून हसले. खुर्ची दिली, काकूंना चहा टाकायला सांगितला. मी कागदाला हात घातला तेवढ्यात तेच बोलायला लागले. म्हणाले, साहेब, तुमच्यामुळे वाचलो. मशीनला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. काय नजर आहे. गोळ्या घेतल्या आणि आठवड्यात खोकला पळाला.
बावीस वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं. घरचंही नाही.
मी नाही म्हणालो नाही. माणूस इतका आनंदात असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही. मी म्हणालो, कामच आहे आमचं. म्हणाले, चष्मा नवीन दिसतो. मी चष्म्याबद्दल सांगितलं. एकाहत्तराव्या जागेबद्दलही सांगितलं. ओघातच आलं. चहा झाला. काकू आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. मी तब्येतीची काळजी घ्यायला सांगून उठलो. कागद खिशातच.
दारात व्हॅनकाका म्हणाले, मॅडमचा परवा सकाळीच फोन आला होता. पाण्याचं, पाइपचं, अंड्याचंही सांगितलं. शाळेला पत्र दिलंय त्यांनी, सोमवारपासून व्हॅन सुरू. बारांपैकी सात परत येतायत. तुम्ही स्वतः सांगायला येणार, असंही त्या म्हणाल्या होत्या. मी आपलं बघत होतो, कधी सांगता.
आवाज जराही चढला नाही. धाकटीला सोमवारी सातला खाली उभी ठेवा, म्हणाले, आणि दार लावून घेतलं.
दोन जिने उतरलो. परत चढलो. बेल वाजवली आणि चुकलं माझं म्हणालो. दार उघडायच्या आधीच म्हणालो होतो, म्हणून उघडल्यावर पुन्हा म्हणावं लागलं.