टबातली बाहुली

९ एप्रिल

चि. ओलिंकास, अ.उ.आ.

वादळात फोनचा मनोरा पडला, म्हणून कागद धरलाय. अक्षराला हसू नकोस. संग्रहालयात माझं काम तुला ठाऊक आहे. गोठलेल्या जमिनीतून उकरलेली लाकडं टबात बुडवायची, मेणासारख्या औषधाचं पाणी बदलायचं. झटकन वाळली की तडकतात. ती खणून काढणाऱ्या बाईंनी लिहिलं, त्यातल्या लाकडी बाहुलीचा फोटो उन्हात काढ. नेली पायरीवर. काढला, आणि मग आपल्याकडचा नियम आठवला. रानहंस परतेपर्यंत बाहुली घराबाहेर काढायची नाही, नाहीतर हिवाळा सरत नाही. मला मेलीला हे आधी आठवू नये? लगेच आत बुडवली.

तुझी छोटी नास्तास्या कशी आहे? आपल्या गेलेल्या आईचं नाव दिलंय, म्हणजे माझी आईच ती. नमस्कार सांग.

तुझी मात्रोना

२ मे

ति. ताईस, सा.न.वि.वि.

अक्षर बर्फावरच्या सीलने काढल्यासारखं आहे, पण लागलं. हंस इकडेही नाहीत. उगाच घाबरतेस, असं लिहिणार होते. पण परवा न्हाताना नास्तास्याने विचारलं, मात्रोनाने बाहुली आत घेतली का? ‘मावशी’ असं नाही, आईसारखं नुसतं ‘मात्रोना’ म्हणाली. तुझं पत्र मी घरात कुणाला दाखवलेलं नाही. हल्ली ती पाण्यातून लवकर उठत नाही.

माया आहेच, वाढव.

ओलिंका

२० मे

चि. ओलिंकास, अ.उ.आ.

नदी अजून दगड आहे. सील मारायला उघडं पाणी नाही, वाळवलेले मासे संपत आले. शेवटी बायकांत कबूल केलं. म्हातारी अग्राफिना म्हणाली, रडतेस काय, जिची आहे त्या जमिनीला परत कर. खणणाऱ्या बाई लिहितात, आता काढलीस तर उभी चिरेल. चिरू दे. गावापेक्षा बाहुली मोठी नाही. शनिवारी दुपारी, सापडली त्या दरडीत ठेवून येते. आईला सांग, चूक निस्तरतेय.

मात्रोना

शनिवार, २६ मे

ति. ताईस, सा.न.

काढली असशील तर परत बुडव. तुझं पत्र आत्ता मिळालं. नास्तास्या सकाळपासून टबात बसून होती. दुपारी तिच्या बापाने उचलली, तर किंचाळली, मला वाळवू नका, मी चिरेन. टॉवेल लावला आणि मानेपासून कमरेपर्यंत रेघ उमटली, सरळ. रक्त नाही. पुन्हा पाण्यात ठेवलीय. घरातल्या मेणबत्त्या वितळवून ओततेय.

छपरावरून हंस चाललेत, थव्यांमागून थवे, तुमच्याकडे. टपालाचं विमान सोमवारी. पाणी कितीदा बदलायचं आणि किती दिवस बुडवून ठेवायचं, तेवढं कळव.

तुझीच ओलिंका