घट्ट झाकणाची बरणी

६ जानेवारी, मंगळवार
सुमनला जाऊन दोन महिने. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदनेला आलेल्यांना बसायला जागा हवी म्हणून कोपऱ्यात सरकवलेलं छोटं टेबल आज जागेवर आणलं. बावीस वर्षं ती याच टेबलाशी बसून मुलांना बोलायला शिकवायची. कपाट उघडलं. चित्रांचे पत्ते, आरसा, पिसं, स्ट्रॉ, चावीचा बेडूक, फुग्यांच्या साबणाची बाटली ठेवलेली बरणी. परत बंद केलं.

दुपारी मागच्या बिल्डिंगमधली शीतल आली. तिची तन्वी चार वर्षांची, सु.कडे वर्षभर यायची. दोन शब्द आले होते, 'दे' आणि 'उघड'. सु. गेल्यापासून तेही बंद. बोरिवलीला नवीन मॅडम लावल्यात, तिथेही गप्प. "काका, ताईंची खेळणी थोडे दिवस द्याल का? ओळखीचं काही असलं तर बघू, असं मॅडम म्हणाल्या. ते दोन शब्द गेले तर परत कुठून आणू मी?"
देतो म्हणालो. जाताना मेथीच्या भाजीचा डबा ठेवून गेली. दर मंगळवारी आणते. तिखट असते. पण आणते.

९ जाने.
द्यायच्या आधी सगळं नीट करायला घेतलं. तीस वर्षं चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशिनं दुरुस्त केली, मोडकं दुसऱ्याच्या हातात देववत नाही. बरणीचं झाकण एवढं घट्ट की मलाच जोर लावावा लागला. आटे घासून सैल केले. लाकडी कोड्यातल्या हत्तीला सोंड नव्हती, प्लायची कापून रंगवली. बेडकाची चावी गायब. नवी केली, पक्की बसवली.
तीन दिवस बरे गेले. सु.ला दाखवावंसं वाटलं.

१३ जाने.
शीतल पिशवी घेऊन गेली. "काका, नवीच वाटतात हो."

२० जाने.
शीतल आली. बराच वेळ बसली, मग म्हणाली, "राग मानू नका हं काका." तन्वी सगळं खेळते. बरणी स्वतः उघडते, बेडूक स्वतः फिरवते, तासभर रमते. आवाज नाही. "तिला कुणाची गरजच लागत नाही. आधी असं नव्हतं. आधी इथे ताईंना नाहीतर मला आणून द्यायची." पिशवी परत ठेवून गेली.
झाकण मीच सैल केलंय. हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

२१ जाने.
कपाटाच्या खालच्या कप्प्यात सु.ची वही सापडली. प्रत्येक मुलाचं एक पान. तन्वीच्या पानावर लिहिलंय:
'झाकण घट्टच हवं. तिला उघडता येता कामा नये. आणून दिलं की मनात दहा मोजायचे, आपण बोलायचं नाही. काहीही आवाज काढला की लगेच उघडायचं. सोंड आणि चावी माझ्याकडे.'
खाली लाल पेनाने: 'ह्यांनी नीट करू नये.'
दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो. मग कपाटाचे सगळे कप्पे धुंडाळले.
सोंड आणि चावी तिच्या जुन्या काजळाच्या डबीत मिळाली.

२४ जाने.
उलटं काम. माझी सोंड काढली. बेडकाची चावी तोडली. बरणीच्या आट्यांना नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली. तीन वेढे कमी पडले, पाच जास्त. चार बरोबर. मला उघडते, चार वर्षांच्या हाताला उघडणार नाही. मुद्दाम अवघड केलेली ही माझी पहिली वस्तू. सु. असती तर पास केली असती असं वाटतं.

२७ जाने.
शीतलला सगळं सांगितलं, वही दाखवली. चूक माझी, म्हणालो. ती हसायला लागली. "ताई सांगायच्या, आमच्याकडे एक मिस्त्री आहेत, त्यांच्यापासून सगळं लपवावं लागतं." मला हे माहीत नव्हतं. बरं वाटलं.
मॅडमशी फोनवर बोलणं झालं. एकदा त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसवून बघा म्हणाल्या.
डबा परत देताना म्हणालो, मिरची थोडी कमी घाल.
"अहो काका, इतके दिवस तसंच खात होता? बोलायचं ना."

३ फेब्रुवारी, मंगळवार
तन्वी आली. दारातून थेट टेबलापाशी गेली आणि सु.च्या खुर्चीकडे बघत राहिली. मी बाजूच्या स्टुलावर बसलो. तिने बरणी घेतली, झाकण ओढलं, पोटाशी धरून पिळलं. उघडली नाही. मग माझ्याकडे आली आणि माझ्या मांडीवर ठेवली.
मी मोजायला लागलो. तिने माझा अंगठा धरून झाकणावर ठेवला. शीतल बोलणार होती, मी मानेनेच नको म्हटलं. सात. आठ. तन्वीचे ओठ गोल झाले. थोडी हवा आली, तिच्यामागून बारीकसं काहीतरी.
मी लगेच उघडलं. घाईत टेपचे चारही वेढे सुटले. तिने फुगे काढायला बाटली माझ्याकडे दिली.
शीतल हळूच म्हणाली, "काका, हा शब्द धरायचा का?"
मला नाही सांगता येत. सु.ला आलं असतं.
वहीत तन्वीच्या पानावर आजची तारीख घातली. पुढची ओळ मोकळी ठेवली आहे. बरणीला नवी टेप लावली. चार वेढे.